कमलबाई, ते पान मी काढलं

कमलबाई,

गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला आले होते. कॉलनीतल्या विहारासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलू लागला. कुणीतरी माझं नाव घेतलं. "बाईंच्या चौदा वर्षांच्या सोबती, शेजारच्या वर्गाच्या सुलभाबाई." मी उठले. "कमलबाई फार कष्टाळू होत्या, मुलांवर त्यांचं फार प्रेम होतं," एवढं बोलले आणि खाली बसले.

दोन वाक्यं. एखाद्या मुलाने अशी वाक्यं लिहून आणली की तुम्ही त्याला म्हणायचात, "खरं आहे रे, पण हे कुणाबद्दलही खरं आहे. आता त्यांच्याबद्दलचं लिही."

समोर तुमची उज्ज्वला बसली होती, आईचीच मान, आईसारखंच ऐकणं. तिच्या देखत मला पुढे बोलवेना. म्हणून तुमच्याबद्दलचं आणि माझ्याबद्दलचंही आता लिहिते आहे.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये मी दिंडोरीकडच्या गावातून डी.एड. होऊन आपल्या शाळेत आले. तुम्ही माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, पहिलीच्या पक्क्या बाई. तुमचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये भिंत नव्हती, पाठीला पाठ लावलेली दोन लोखंडी कपाटं होती. माझी बासष्ट मुलं दिवसभर 'बे एके बे, बे दुणे चार' ओरडायची आणि मला वाटायचं, काय छान शिकवते आहे मी. तुमच्या बाजूने कधी हसण्याचा आवाज यायचा, कधी काहीच नाही. मी मनात म्हणायचे, या बाईंचा वर्गावर वचक नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कपाटाच्या कडेने आत आलात आणि माझ्या टेबलावर आपट्याचं एक पान ठेवलंत. "तुमच्या मुलांना विचारा, अशी सात पानं असली तर पाकळ्या किती." मी विचारलं. बासष्टांपैकी एकानेही सांगितलं नाही. तीच मुलं 'बे सत्ते' विचारलं की 'चौदा' ओरडत होती. तुमची मुलं आली, जमिनीवर पानं मांडली, प्रत्येक पानाच्या दोन पाकळ्यांवर बोट ठेवत गेली आणि चौदावर थांबली. माझा चेहरा पडलेला बघून तुम्ही म्हणालात, "पाठ झालंय ना, मग अर्धं काम झालंच आहे. आता नुसती ओळख करून द्यायची."

त्या दिवाळीपासून मी तुमच्या हाताखाली शिकायला लागले. सुट्टीचा अभ्यास म्हणून आम्ही सगळे 'दोन ते दहा पाढे दहा वेळा लिहा' असं सांगायचो. मुलं शेवटच्या दिवशी रडत रडत ते लिहायची. तुम्ही प्रत्येक मुलाला एकच कागद द्यायचात. घराला पायऱ्या किती, त्या रंगवल्या तर रंग किती लागले. कुणाकडे पाहुणे आले, किती आले, किती गेले, किती राहिले. पोळ्याला बैलांचे पाय मोजत चारचा पाढा, नाताळच्या चांदणीच्या टोकांवर पाचचा, ईदच्या चंद्रावरून एकोणतीस आणि तीस दिवसांच्या महिन्यांची गोष्ट. राखीच्या वेळी तुमच्या येवल्याच्या बहिणीकडून पैठणीच्या मागावरचे उरलेले रेशमी दोरे यायचे, मुलं त्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधायची. आणि कागदाच्या तळाला नेहमी एक ओळ असायची: घरात कुणाला तरी विचार आणि ते जे म्हणतील ते एक वाक्य लिहून आण.

हे सगळं हाताने लिहायचं. चार कागद, तीन कार्बन, जोर लावून. शाळा सुटल्यावर आपण दोघी पाच वाजेपर्यंत बसायचो, बोटं जांभळी व्हायची. त्याच वेळी केव्हातरी तुम्ही 'सुलभाबाई' सोडून 'सुलभा' म्हणायला लागलात, 'तुम्ही'ची 'तू' झाले. मला ते इतकं आवडलं की घरी जाऊन आईला सांगितलं होतं.

एकदा सटाण्याकडच्या एका मुलाने वाक्य लिहून आणलं, 'मनी माय घर शे.' मी त्यावर लाल रेघ मारून 'माझी आई घरी आहे' असं लिहिलं. तुम्ही वही पाहिलीत आणि मला बाजूला घेतलंत.

"हे वाक्य कुणाचं?"

"त्याचं."

"नाही, त्याच्या आईचं. त्याने तिला विचारलं, ती बोलली, त्याने लिहिलं. सहा वर्षांच्या मुलाने ऐकलेलं जसंच्या तसं लिहिलं आणि तू त्याच्या आईला चूक दिलीस."

"पण बाई, प्रमाण भाषा शिकवायला नको का?"

"शिकवायची की. त्याच्या वाक्याखाली आपलं लिहायचं. त्याचं खोडून नाही."

यावर आपण किती भांडलो! मी म्हणायचे, दोन्ही ठेवली की मुलं गोंधळतात. तुम्ही म्हणायच्या, गोंधळतात ते आपण. तो वाद मिटला नाही. मी अजूनही कधीकधी खोडते.

मला एक कोडं होतं, ते विचारायला वर्ष गेलं. तुमच्या घरी दिवाळी नव्हती, संक्रांत नव्हती, गणपती नव्हता. दसऱ्याला तुम्ही पांढरी साडी नेसून विहारात जायच्या, तो तुमच्यासाठी दीक्षेचा दिवस. मग जे सण तुम्ही सोडले त्यांच्यावर इतक्या जिवाने पानं कशी लिहायच्या?

उत्तर मला तुमच्या घरीच मिळालं. फराळाचा डबा घेऊन आले होते. तुमचे वडील, आबा, खाटेवर बसले होते. मनमाडला रेल्वेत गँगमन होते, निवृत्त होऊन तुमच्याकडे राहायला आलेले. त्यांच्या हातात तुमचा दिवाळीचा कागद होता. वाचता येत नव्हतं, पण कागदावर काढलेली लक्ष्मीची पावलं त्यांना कळली होती.

"कमल, आमी देव्हारा रिकामा केला, गावाशी वैर घेतलं, ते काय तू पोरांना ही पावलं मोजायला लावावी म्हणून?"

तुम्ही चहा गाळत होतात. हात थांबला नाही. "आबा, मी पावलं मोजायला शिकवते. कुणाची, ते त्यांच्या घरचे सांगतील."

"आज मोजलं, उद्या पूजल."

"पूजायचं असेल ते मला न विचारताच पूजतील. मोजायला मात्र माझ्याशिवाय कोण शिकवणार त्यांना?"

आबांनी डबा उचलला. मला वाटलं, आता माझा डबा परत देतील. त्यांनी झाकण उघडलं, चिवडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "पोरीच्या हाताला चव हाय." मग पुन्हा कागदाकडे वळले. "ते सगळं खरं. पन आपलं पान कुठं हाय यात?"

मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आलात तेव्हा तुम्ही एवढंच सांगितलंत, "मी पहिलीत असताना सणाच्या दिवशी मला वर्गाच्या दाराशी बसवायचे. तिळगूळ वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. आता सण वाटणारी मी आहे, सुलभा. माझ्या वर्गात कुणी दाराशी बसत नाही." मग हसून म्हणालात, "पण आबांचं बरोबर आहे. मीच माझ्या पानाला दाराशी बसवलंय."

पुढच्या एप्रिलसाठी तुम्ही चौदा तारखेचं पान लिहिलंत. मिरवणुकीतल्या मुलांच्या रांगा, निळे झेंडे, 'मिरवणूक', 'झेंडा', 'पुस्तक' हे शब्द. आधी तुम्ही एका रांगेत चार मुलं काढली होतीत. तुम्ही आबांना वाचून दाखवलंत तर ते म्हणाले, "चार नाय, पाच. रस्ता लय रुंद हाय." म्हणून रांगा पाच-पाचच्या झाल्या. तळाची ओळ होती: तुझ्या घरात पहिल्यांदा वाचायला कोण शिकलं? त्यांचं नाव लिही. त्या वर्षी मुलांनी आणलेली नावं आपण मोठ्याने वाचली. कितीतरी मुलांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं.

आता ते लिहायला हवं.

अठ्ठ्याहत्तर साली आपल्या शाळेवर येणाऱ्या एका पर्यवेक्षकांनी तुमचे कागद पाहिले. खूश झाले. बारा पानांची पुस्तिका छापू, इतर शाळांनाही देऊ म्हणाले. तुम्ही बारा पानं निवडलीत, नीट लिहून काढलीत, आणि नेमकं तेव्हाच आबांना मनमाडला भावाकडे असताना झटका आला. जाताना बाड माझ्याकडे दिलंत. "साहेब काही विचारतील तर तू सांग. तुला सगळं माहीत आहे."

साहेबांनी मला बोलावलं. पानं चाळत शेवटच्या, चौदा एप्रिलच्या पानावर आले. ते दिवस कसे होते तुम्हाला माहीत आहे. नामांतराच्या वादावरून रोज कुठल्या ना कुठल्या गावातून जाळपोळीची बातमी यायची आणि शिक्षकखोलीत तुम्ही आलात की इतर जण वर्तमानपत्राची घडी घालायचे. साहेब वाईट माणूस नव्हते. चहा मागवला. म्हणाले, "हे एवढं पान राहू द्या. सध्या हवा तापलेली आहे, उगीच कुणी बोट ठेवायला नको. पुढच्या आवृत्तीत बघू. तुम्ही समजूतदार आहात."

मी "बरं, सर" म्हटलं.

आणि एवढ्यावर थांबले नाही. अकरा पानं विषम दिसतात म्हणून घरी जाऊन अक्षय्य तृतीयेचं एक पान लिहिलं आणि तुमच्या पानाच्या जागी घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. छान झालं होतं ते पान, तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला होता.

तुम्ही पंधरा दिवसांनी परत आलात. आबा गेले होते. अशा वेळी कसं सांगायचं, असं मी स्वतःला म्हटलं. मग महिना गेला, मग दोन. मग गठ्ठा आला. शिक्षकखोलीत सुतळी कापली, सगळ्यांनी एकेक पुस्तिका उचलली. तुम्ही पानं उलटत शेवटपर्यंत गेलात. परत मागे आलात. पुन्हा शेवटपर्यंत गेलात. मग म्हणालात, "छपाई स्वच्छ आली आहे."

शाळा सुटल्यावर मी तुमच्या मागे बस थांब्यापर्यंत आले. "बाई, साहेबांनीच सांगितलं. मी काय करणार होते?"

"साहेब काय म्हणाले असतील ते मला न सांगता कळतं. तुम्ही काय म्हणालात, तेवढं सांगा, सुलभाबाई."

मी बस येते का ते पाहू लागले. बस आली, तुम्ही चढलात.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी कधी अबोला धरला नाहीत. भांडला असता तर बरं झालं असतं. माझ्या बाळंतपणात माझा वर्ग सांभाळलात, येवल्याचे दोरे मला तसेच देत राहिलात, डब्यातली भाजी तशीच पुढे केलीत. फक्त ते 'तू' गेलं. दहा वर्षं मी तुमच्यासाठी 'सुलभाबाई, तुम्ही' होते. दुसऱ्या कुणाला त्यात काही वावगं दिसलं नसतं. दोन शिक्षिका एकमेकींना आदराने बोलतात, त्यात काय?

तुम्ही पुस्तिका वापरायच्या, एप्रिल आला की कार्बन घालून ते पान हाताने लिहायच्या आणि फक्त तुमच्या वर्गाला द्यायच्या. एका वर्षी माझ्या वर्गातली मंगल, तुमच्याच कॉलनीतली, मला म्हणाली, "बाई, कपाटापलीकडच्या पोरांना जयंतीचं पान हाय, मग आमाला काहून नाय?" त्या दुपारी मी तुमच्याकडे पान मागायला आले. तुम्ही ड्रॉवर उघडलात, पान दिलंत आणि कार्बनची घडी वर ठेवलीत. "तुम्हीच लिहा."

तीन दिवस लिहीत होते. साठ प्रती. दुसऱ्या दिवशी तुम्ही येऊन शेजारी बसलात, लिहिलेल्या प्रती लावून ठेवू लागलात. मला तेव्हाच म्हणता आलं असतं, बाई, माझं चुकलं. मी म्हटलं, "कार्बन झिजलाय." तुम्ही म्हणालात, "हो, उद्या नवा आणते."

या दिवाळीत तुम्हाला दवाखान्यात भेटायला आले. सुट्टी लागायच्या दिवशीच तुमचे पाय सुजलेले पाहिले होते, तरी उभ्याने सगळ्या मुलांना कागद वाटत होतात. खाटेवर तुम्ही फार लहान दिसत होतात. "बसा, सुलभाबाई," म्हणालात. मी बसले. मनात जुळवत होते, कुठून सुरू करावं. तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली, बाहेर थांबा म्हणाली. मी दारातून म्हटलं, "उद्या येते." दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. भाऊ दिंडोरीहून येणार होता, स्वयंपाक होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाचा निरोप आला.

तुम्ही मला माफ केलं होतंत की नाही, हे मला कळणार नाही. माफ केलं होतंत असं धरून चालणं सोयीचं आहे, आणि सोयीचं म्हणून मी एकदा फार काही करून बसले आहे. तेव्हा ते धरत नाही.

सोमवारी शाळा उघडली. मुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीत शोकप्रस्ताव वाचला. त्यात वाक्य होतं, 'कमलबाई व सुलभाबाई यांनी मिळून तयार केलेली सणांची पुस्तिका.' या वेळी मी उठले.

"सर, 'मिळून' काढा. पुस्तिका कमलबाईंची आहे. त्यातलं शेवटचं पान माझं आहे, कारण तिथे त्यांचं चौदा एप्रिलचं पान होतं आणि ते मी काढलं. साहेबांनी सुचवलं, मी 'बरं' म्हटलं, आणि त्यांना सांगितलंही नाही."

मग एक जण हळूच म्हणाले, "आता कशाला, बाई? झालं ते झालं." मुख्याध्यापकांनी पेन काढून 'मिळून' हा शब्द खोडला. संध्याकाळी मी उज्ज्वलाकडे गेले आणि तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "आई कधी तुमच्याबद्दल वाईट बोलली नाही. पण पुस्तिका घरात आणली नाही, ते का हे आज कळलं." मला तिने चहा विचारला नाही. तेही बरोबरच होतं.

तुमचा वर्ग सध्या माझ्याकडे आहे. शिपायाने कपाटं सरकवून भिंतीला लावली. दोन्ही वर्गांची मुलं एकत्र बसतात. तुमच्या मुलांनी सुट्टीचे कागद आणले होते. घड्या पडलेले, एकावर तेलाचे डाग, एक पावसात भिजून वाळलेला. मी मागितले तेव्हा बऱ्याच जणांनी दिले. वैशाली नावाच्या मुलीने मात्र कागद फ्रॉकच्या खिशात कोंबला. "आमच्या बाईंना देणार."

"बाई येणार नाहीत, वैशाली."

"मग बरोबर कोण म्हणणार?"

मी तिच्याकडून कागद घेतला नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. आज मधल्या सुट्टीत ती आपण होऊन आली आणि कागद टेबलावर ठेवून उभी राहिली.

तुमच्या अक्षरात प्रश्न होता: दारात किती पणत्या लावल्या? वाऱ्याने किती विझल्या? किती राहिल्या? तिने लिहिलं होतं, लावल्या पंधरा, विझल्या दोन, राहिल्या पंधरा.

"वैशाली, हे कसं केलंस?"

"बाई, विझल्या तरी त्या तिथंच होत्या ना. मी सकाळी उचलून ठेवल्या. पंधरा होत्या."

तुम्ही काय केलं असतंत? तिला बरोबर दिलं असतंत, की प्रश्नच चुकला म्हणून स्वतःचं वाक्य बदललं असतंत? विचारायला कपाटाच्या पलीकडे आता कुणी नाही. मी तिला मांडीशी ओढून घेतलं, खडूच्या डब्यातून पंधरा खडू काढले आणि म्हटलं, "ये, आपण दोघी मोजू."